मगरीनं रंग धरला

सांगली-सातारा एसटीत त्या दिवशी एक मगर बसली होती. खिडकीशी, आणि तिकीट काढून.

"जनावर असलं तर लगेज, माणूस असलं तर तिकीट. ही कशात बसती, सांगा," असं कंडक्टर म्हणाला. मगरीच्या मालकानं हात जोडले आणि शेवटी अर्ध्या तिकिटावर मिटलं. पुढच्या बाकावरची एक म्हातारी त्या जबड्याला इतकी घाबरली, की मधेच उतरली आणि चालत कऱ्हाडला बसच्या आधी पोचली. आता यात म्हातारी किती तुरूतुरू चालली आणि बस किती हळू, याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

मालक म्हणजे नईम. सांगलीचा टेलर, सडपातळ, बोलताना सारखा कानाची पाळी ओढणारा. मगर त्यानंच घरी बनवलेली. शेपूट आणि पाठ घरी होती, नुसतं डोकं घेऊन तो साताऱ्याला निघाला होता.

कऱ्हाडला गर्दी चढली. निळ्या ओढणीतली एक मुलगी बाकाशी येऊन थांबली.

"इथं कोण बसलंय?"

"मगर."

"कुठं उतरणार?"

"साताऱ्याला."

"मग मांडीवर घ्या तिला. बारकी पोरं मांडीवरच बसत्यात."

नईमनं निमूट मगर मांडीवर घेतली. मुलगी बसली. तिच्या ओढणीला साबणाचा वास होता आणि खिडकीतून उसाच्या ट्रॉल्यांचा… दोन्ही मिसळून नईमला उगीचच गोड गोड वाटायला लागलं. तेवढ्यात बस एका खड्ड्यात दाणकन आदळली. मगरीचा जबडा उघडला, मिटला — आणि निळ्या ओढणीवर हिरव्या खपल्यांचा सडा पडला.

मुलीनं एक खपली उचलून उजेडात धरली.

"आवं, तुमच्या मगरीला कोंडा झालाय."

मागचे दोन बाक हसले. नईम कानाच्या पाळीपासून मानेपर्यंत लाल झाला. मुलीनं मगरीच्या कपाळाला नख लावलं आणि हळूच ओढलं. केळ्याची साल निघावी तसा वीतभर रंग तिच्या हातात आला.

"हात लावू नका हो!"

"नुसती फुंकर मारली तरी जाईल. कशाची केलीया?"

"गोडेतेलाचे प्लास्टिकचे डबे. कापून, वाकवून…"

"आणि वर?"

"ऑइल पेंट. लय भारीतला. दाराला मारत्यात तो."

"मग दाराचीच मगर करायची हुती!" ती म्हणाली, आणि असं हसली की नईमला राग यायचा होता तो कऱ्हाडलाच राहून गेला.

तिचं नाव रुमाना. राहायला साताऱ्यात, नोकरी शिरवळच्या एका कारखान्यात. तिथं मोटारसायकलींचे प्लास्टिकचे भाग रंगवायचं काम ती करायची.

"प्लास्टिक लय मिजासखोर असतंय," ती म्हणाली. "त्याला आधी मनवावं लागतंय. मगच रंग धरतंय."

"कसं मनवायचं?"

"ते एका बसच्या प्रवासात सांगायचं काम न्हाई. पण एवढं मनाला का लावून घेताय? मगरच तर हाय."

मग नईमनं सांगितलं. साताऱ्याच्या राजेश्वरीताई नदीकाठच्या शाळांमधून मुलांसाठी एक नाटक नेणार होत्या. कृष्णेत मगरी आहेत, उन्हाळ्यात पोरं डोहात उड्या मारतात, तेव्हा पोरांनी कुठं जपायचं, काय टाळायचं, हे त्या नाटकात होतं. मगरीचा पोशाख नईमनं करायचा आणि आत शिरून मगरही त्यानंच व्हायचं. आज डोक्याचा आकार तेवढा ताईंना दाखवायचा होता. काम पसंत पडलं, तर पुढच्या सगळ्या नाटकांचे पोशाख त्याचे. पण ताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पोरांच्या डोळ्यांदेखत रंग गळणारी मगर नको. त्यापेक्षा पुण्याहून भाड्यानं आणू.

"आणि भाड्यानं आणली तर?"

"मग मी भिवंडीला. मामाच्या कारखान्यात. पँटीचे खिसे शिवायला."

"नुसते खिसे?"

"नुसते डावे."

"आणि उजवे?"

"त्याला दुसरा माणूस हाय."

रुमानाला हसू आलं, पण ते ओठांवर येऊन थबकलं. आयुष्यभर डावे खिसे शिवायची वेळ आलेल्या माणसाकडं तिनं जरा निरखून पाहिलं. बोटं लांब होती त्याची. मगरीच्या पापण्यासुद्धा त्यानं एकेक कापून बसवल्या होत्या.

सातारा आलं. उतरता उतरता ती म्हणाली, "रविवारी मला सुट्टी असती. अब्बा पण घरी असत्यात. सदरबझारात बादशहा नळवाल्याचं घर कुणीबी दाखवंल. मगर घेऊन या."

"आणि मी?"

"मगर एकटी येत असली तर तुमी कशाला?"

*

बादशहाभाईंकडं नळ जोडायची एक गॅसची टॉर्च होती. तिच्यावर त्यांचा जीव. सख्ख्या भावानं मागितली तेव्हा त्यांनी भावाशी वर्षभर बोलणं सोडलं होतं. त्या रविवारी ते अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर टॉर्च घेऊन बसले — बंदूक घेऊन बसावं तसे. नईमनं सलाम केला. त्यांनी आधी मगरीकडं पाहिलं, मग नईमकडं, आणि मगर जास्त भरवशाची वाटल्यासारखे तिच्याशेजारी सरकले.

रुमानानं मगरीला आधी साबणानं न्हाऊ घातलं. मग बारीक पॉलिश पेपरनं घासलं, स्पिरिटनं पुसलं आणि ओंजळीनं वरून पाणी सोडलं. थेंबांचे गोल गोल मणी झाले आणि घरंगळत खाली गेले.

"बघितलं? पाण्याला टेकूच देत न्हाई. म्हणतंय, मी तुमच्यातलं न्हाई."

तिनं ते कोरडं केलं, टॉर्च पेटवली आणि निळी ज्योत प्लास्टिकवरून भर्रकन फिरवली. ज्योत लागते-न लागते एवढीच. पुन्हा पाणी सोडलं. या वेळी पाणी मणी होऊन पळालं नाही. अंग सैल सोडून सगळीकडं पसरलं.

"आता काय म्हणतंय?" नईमनं विचारलं.

"आता म्हणतंय… या, बसा."

हे ती मगरीकडं बघून म्हणाली. पण म्हणून झाल्यावर तिची नजर चुकून वर आली, आणि नईमची तर आधीपासून तिथंच होती.

"तुमी करा आता," तिनं घाईनं टॉर्च पुढं केली. "हात हलता ठेवायचा. एका जागी थांबलं की वितळतंय. आणि जाळ दाखवल्यावर बोट लावायचं न्हाई, तेलकट लागलं की रंग सुटतोय."

नईमनं मान डोलावली. दोन हात छान फिरवले. तेवढ्यात वाऱ्यानं रुमानाच्या कपाळावर एक बट आली, ती तिनं मनगटानं मागं सारली — बास. हात थांबला. मगरीची डावी पापणी लोण्यासारखी ओघळून अर्ध्या डोळ्यावर आली.

"अल्ला! डोळा मारायला लागली की ही!"

"मी न्हाई शिकवलं," नईम पुटपुटला.

"मग कुणी?"

बादशहाभाई खोकले. "गॅस संपत आलाय."

"सकाळीच भरलाय की, अब्बा."

"मग पोरांनो, गॅस संपायच्या आत काम संपवा."

डोकं झालं. प्लास्टिकला लावायचा प्रायमर रुमानानं बंपर रंगवणाऱ्याच्या दुकानातून आणून ठेवला होता. त्यावर पातळ पातळ हात देत हिरवा चढला. वाळल्यावर नईमनं नख मारलं. रंग हलला नाही. त्यानं पुन्हा मारलं, जोरात. नख दुखलं, रंग जागच्या जागी. तो इतका हरखला की आभार मानायचंच विसरला आणि नुसता मगरीकडं बघून हसत राहिला. पाठ आणि शेपटी त्यानं आता घरी जाऊन तशीच करायची होती; त्यासाठी रुमानानं प्रायमरचा दुसरा डबा सोबत दिला.

निघताना बादशहाभाईंनी टॉर्च कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातली. रुमाना बघतच राहिली. आतल्या खोलीत तिच्या अम्मीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं, म्हणतात.

*

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी नईमचा फोन आला. पडद्यावर त्याचा चेहरा नव्हताच, शेपटी होती. तिच्यावर नाण्याएवढे गोल गोल खड्डे पडले होते आणि तिथून रंग सुटत होता.

"जाळ दाखवल्यावर कुणी हात लावला?"

"कुणीच न्हाई. मी बी न्हाई. तुमी सांगितलं तसंच सगळं…" त्यानं फोन जवळ नेऊन एक खड्डा दाखवला. "मामाचा फोन आलता. म्हणाला, उद्या रातच्या गाडीनं निघ."

"गाडीचं उद्या बघू. मी आज येती."

बापलेक दुपारच्या आत सांगलीत. वाऱ्यावर ओल्या हळदीचा वास होता, आणि दारात नईमच्या अम्मी, अख्तरबी, सरबत घेऊन उभ्या. रुमानानं आल्या आल्या नईमला पॉलिश पेपर आणायला पिटाळलं आणि परसात शेपटीशी बसली.

तेवढ्यात अख्तरबी आल्या. कमरेची चांदीची डबी काढली. घरी बदामाच्या तेलात खललेलं काजळ. अंगठा बुडवला आणि एका नव्या, अजून न रंगवलेल्या खवल्यावर ठिपका दिला. मग तो दिसू नये म्हणून तळव्यानं पुसून टाकला.

"चाची… हे रोज करताय?"

"रोज, बेटी. अख्खा मोहल्ला बघून जातोय. माझ्या पोराच्या हाताला नजर लागंल न्हाई? त्यो जाळ दाखवून चहाला आत गेला, की मी आपली गुपचूप—"

बोलता बोलता त्यांनी रुमानाचा चेहरा पाहिला. मग खड्डे पाहिले. मग स्वतःचा अंगठा.

"माझ्यामुळं झालं व्हय हे?"

रुमानानं त्यांचा अंगठा आपल्या ओढणीच्या टोकानं पुसला. अख्तरबी मटकन खाली बसल्या. ज्या पोराला घरात ठेवायला त्या रोज काजळ लावत होत्या, त्याच काजळानं तो भिवंडीला चालला होता.

नईम आला. "सापडलं कारण?"

"सापडलं," रुमाना म्हणाली. "मी दिलेला प्रायमर जुना निघाला. चूक माझी हाय."

अख्तरबींनी मान वर केली. नईम पॉलिश पेपरची घडी उलगडत म्हणाला, "असू द्या. तुमी कामाचा खाडा करून आलात, हे कोण करतंय आजकाल?"

मग परसात अशी लगबग उडाली की शेजारच्यांना वाटलं साखरपुडा आहे. नईमनं जुना रंग खरवडून घासला, रुमानानं पुसून जाळ दाखवला, बादशहाभाई फुंकर घालू नका असं सांगत स्वतःच फुंकर घालत होते. आणि अख्तरबी दोन्ही हात ओढणीखाली दाबून कोपऱ्यात बसलेल्या.

"थंडी वाजती का?" बादशहाभाईंनी विचारलं.

"थोडी," अख्तरबी म्हणाल्या. सांगलीत मार्च चालू होता.

*

नदीकाठच्या शाळेचं मैदान पोरांनी भरून गेलं. मगर डोळा मारत आली आणि पहिल्या रांगेतली पोरं तिसऱ्या रांगेत गेली. नदीतून एक खरी मगर मान वर काढून बघत होती आणि लाजून परत गेली, असं गावात अजून सांगतात. मी पाहिली नाही. पण गावाला कशाला खोटं पाडा?

नाटक संपलं आणि सगळी पोरं मगरीवर तुटून पडली. कुणी शेपटी ओढली, कुणी पाठीवर बसलं, आणि नखं… किती नखं! रुमाना पोरांच्या मागं टाचा उंच करून बघत राहिली. एका पोरीनं दात-ओठ खाऊन खवला खरवडला, आपलं नख निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "खरी हाय!"

राजेश्वरीताई हसत हसत आल्या. "नईम, आता पुढच्या नाटकाला एक कासव कर. आणि दोन बगळे."

मगरीच्या आतून काहीतरी आवाज आला. हुंदका होता की हसू, कळायला मार्ग नव्हता, कारण पाठीवरची चेन अडकली होती आणि नईम आतच होता. पोरं भडंगाच्या पुड्यांकडं पळाली. बादशहाभाई चेनशी झटापट करायला लागले, आणि अख्तरबींना आता राहवेना.

"ऐक रे," त्या जबड्याशी वाकून म्हणाल्या. "प्रायमर चांगला हुता. तेलाचा हात माझा लागला. या पोरीनं माझ्यासाठी आळ आपल्या अंगावर घेतला. माझ्या पोटच्या पोरीनं घेतला नसता एवढा." आणि रुमानाच्या गालावरून दोन्ही हात फिरवून, डोळे पुसत, त्या बादशहाभाईंना ओढत घेऊन गेल्या. "चला आवं, भडंग खाऊ. चेन कुठं पळून जात न्हाई."

मगर आणि रुमाना, दोघीच उरल्या.

"खोटं बोललात?" मगरीनं विचारलं.

"व्हय."

"का?"

"लय मायेचा अंगठा हुता त्यो. त्याला चूक म्हणायला जीभ वळंना."

मगरीचं डोकं जरा हललं, आत कानाची पाळी ओढली जात असावी. मग आवाज आला. "मी तर आजपातूर आभारसुद्धा मानलं न्हाईत. बाहेर असलो की सुचत न्हाई. आत अंधार हाय, म्हणून बोलतो. मामाला आताच सांगणार हाय, येत न्हाई म्हणून. हे तुमच्यामुळं. अम्मी आज हसली, ते बी. रुमाना… ते कासव… पाठ लय मोठी असती त्याची. वर्ष तरी जाईल रंगवायला."

"एका कासवाला वर्ष?"

"सावकाश करणार."

"आणि बगळे?"

"दोन हायेत," मगर म्हणाली. "जन्म जाईल."

रुमानानं इकडं तिकडं पाहिलं नाही. पुढं झाली आणि त्या उघड्या जबड्यात, पांढऱ्या दातांच्या मधून, आपला हात कोपरापर्यंत घातला. आतल्या घामेजल्या बोटांनी तो घट्ट धरला.

मैदानाच्या त्या टोकाला भडंगाच्या पुड्या धडाधड खाली पडल्या. एवढा वेळ जे शिकवलं ते पोरं मनापासून शिकली होती. सगळी शाळा जीव तोडून ओरडली —

"ओ ताई! हात काढा! पळा!"

रुमानानं हात काढला नाही. ती जबड्याशी वाकली आणि हळूच म्हणाली,

"सावकाश कर. मला तरी कुठं जायाचंय?"