उजवा चॅनल

सांगते, पण मध्ये काही विचारू नका. मलाही सगळं कळलेलं नाही.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होते. घरी 'जेवण तयार आहे' म्हणाले, तरी पिशव्या उचलून धावावंसं वाटायचं. त्यांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्यांच्या मुलीला तेव्हा सातवा महिना लागलेला.

"नातवंडाला माझा आवाज तरी मिळू दे," काका म्हणाले.

आवाजाचं संपादन हेच माझं काम. शनिवारी त्यांना स्टुडिओत बसवलं, डावीउजवीकडे एकेक माइक लावला. लहानपणी ऐकलेल्या पाच गोष्टी त्यांनी एका बैठकीत सांगितल्या. कुठे म्हणून अडखळले नाहीत.

रविवारी दुपारी मी एकटीच संपादनाला बसले. स्क्रीनवर दोन पट्ट्या, वर डावा चॅनल, खाली उजवा. काकांचा आवाज स्वच्छ आला होता, पण उजव्या कानात त्यामागे काहीतरी कुजबुजत होतं. हेडफोन उलटा घातला. कुजबुज डाव्या कानात गेली. म्हणजे दोष माझ्या कानाचा नव्हता.

मग डावा चॅनल बंद केला.

बाईचा आवाज होता तो. घोगरा, बोलायची सवय नसल्यासारखा. काकांचं प्रत्येक वाक्य ती त्यांच्या आधी म्हणत होती... आणि शनिवारी त्या बंद खोलीत आम्ही दोघंच होतो.

उठून निघून जावंसं वाटलं. पण हातात एकच दिवस होता. काहीही झालं तरी काकांचा आवाज साफ करून द्यायचा, असं मी ठरवलं होतं. स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन वेगळे केले, उजवा पुसून टाकला आणि डावा पहिल्यापासून लावला.

दुसऱ्याच वाक्याला काका थांबले.

"पुढे काय..." हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला. "सांग ना... पुढे काय?"

हे ते शनिवारी बोललेच नव्हते. मी स्वतः समोर बसले होते.

पुसलेला ट्रॅक परत आणला. काका पुन्हा घडाघडा बोलू लागले. पुन्हा पुसला... "सांग ना." तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी ते रडवेले झाले होते, लहान मुलासारखे.

मी फोन लावला.

"काका, या गोष्टी तुम्हाला कुणी सांगितल्या?"

"आईने. का गं?"

"आवाज कसा होता त्यांचा?"

"आवाज कुठला? जन्मापासून मुकी होती ती. हातवारे करून सांगायची. मी सात वर्षांचा असताना गेली."

मला वाटलं, लपवून ठेवावं. पण उद्यापासून त्यांना स्वतःच्या तोंडाने काही विचारताही येणार नव्हतं. "असाल तसे निघून या," मी म्हटलं.

तासाभरात ते आले. हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि फक्त उजवा चॅनल लावला. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले आणि हवेत हलू लागले, एकेका शब्दाबरोबर. पाचही गोष्टी संपेपर्यंत मी त्या हातांकडे बघत होते.

"दोन्ही राहू देत," काका म्हणाले. "तिचं काही कापू नकोस."

"नाही कापणार," मी म्हटलं. ते गेल्यावर दोन्ही ट्रॅक पुन्हा जोडले. कुजबुज जशी होती तशीच ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. काका आता पाटीवर लिहून बोलतात. नात झाली आहे, रोज गोष्टी ऐकत झोपते.

फाइल पाठवण्याआधी मी शेवट तपासला होता. पाचवी गोष्ट संपल्यावर वरची पट्टी सपाट होती. खालची मात्र अजून हलत होती. मी आवाज वाढवला.

"एक होती मुलगी," ती बाई सांगत होती, "ती दुसऱ्यांचे आवाज कापायची..."

मी तिथेच थांबवलं. पुढचं अजून ऐकलेलं नाही.