बाकावरची प्रेमिला

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या एका चित्रसंग्रहालयात दुसऱ्या दिवसापासून चित्रपट महोत्सव भरायचा होता आणि आलेली रिळं एकदा चालवून बघायचं काम गिरिधरकडे होतं. प्रोजेक्टर चालवण्यात त्याची चौदा वर्षं गेली होती. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, दारात वाळ्याची ओली ताटी, भिंतींवरची तैलचित्रं अंधारात बुडालेली. बाहेर चौकीदार कवडू स्टुलावर पेंगत होता.

तिसऱ्या डब्यात नागपूर शहरावरचा माहितीपट निघाला, मागच्याच हिवाळ्यात घेतलेला. संत्र्यांचे ढीग, गांधीबागेतली कापडाची दुकानं, मग एसटी स्टँड. तिथल्या बाकावर मांडीवर बोचकं घेऊन एक मुलगी बसली होती.

गिरिधर पडद्याकडे झुकला.

ती प्रेमिला होती. त्याची धाकटी बहीण. अकरा वर्षांपूर्वी इथल्याच दवाखान्यात तापानं गेलेली. "मले घरी ने न, भाऊ..." शेवटच्या दिवशी सारखी म्हणत होती, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला कोणी माणूस दाखवत होती; त्यानं ते तापातलं बरळणं समजलं होतं. उमरेडचं घर काही फार लांब नव्हतं. "उद्या नेतो," म्हणून तो कामावर निघून गेला होता.

एकासारखं दुसरं माणूस असू शकतं, असं मनाशी म्हणत त्यानं रीळ मागं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. या खेपेला ती उभी होती. बोचकं काखेत. आणि सरळ त्याच्याकडे बघत होती.

तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा बाक रिकामा होता.

त्यानं प्रोजेक्टर बंद केला. घरघर थांबली आणि अंधारात, खुर्च्यांच्या रांगेतून, चपला फरफटल्याचा आवाज आला... सावकाश, दाराकडे जाणारा. वाळ्याच्या वासात दवाखान्यातला फिनेलचा वास मिसळला. ताटी हलली. उन्हाची एक फट उघडली आणि मिटली.

कसाबसा तो बाहेर आला.

"कवडू... आता इथून कोण गेलं गा?"

"तुमच्या घरची पोरगी होती न?" कवडू डोळे चोळत म्हणाला. "उमरेडची गाडी कुठून लागते, म्हणे. मी रस्ता सांगितला. काहून, काय झालं?"

उमरेडला घरी आई एकटीच होती. रिळं तशीच टाकून गिरिधर धावत सुटला. पहिली गाडी हुकली, दुसरी दर थांब्यावर रेंगाळत गेली. घराच्या आळीत शिरला तेव्हा दिवेलागण होत होती.

त्याची आई, रंभाबाई, ओट्यावर बसली होती. त्याला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल... आत्ताच डोळा लागला तिचा."

"माय... कोणाचा?"

"आपल्या प्रेमिलाचा, गा. किती वर्षांनी आली पोरगी! पोटभर जेवली." म्हातारीचा चेहरा उजळला होता. मग ती त्याच्या जवळ सरकली. आवाज एकदम खाली आला.

"पण तिच्यासंगं एक माणूस आला. जेवला नाही, बोलला नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. 'भाऊ ओळखते त्याले,' म्हणे प्रेमिला... कोण आहे गा तो?"

गिरिधरनं बंद दाराकडे पाहिलं.

आतून कुणीतरी हळूच कडी काढली.