धुतलेली गाडी

किरण, उद्या जुनी गाडी बघायला धुळ्याला जातोयस ना? इंजिन बघशील, टायर बघशील. जरूर बघ. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ आणि हुंगून बघ. हसू नकोस.

आपल्या शेजारच्या भिकुबाईंचा नवल तुला माहीत आहे. मागच्या वर्षी पोळ्याला तो असाच धुळ्याला गेला होता. त्याची बायको दिपमाला तिथे माहेरी होती, सातवा महिना. मोटारसायकलवर तिला जळगावला आणणं बरं नाही, म्हणून गाडी घ्यायची आणि तिच्यातूनच बायकोला आणायचं, असं ठरवून गेला. रतिलाल नावाच्या व्यापाऱ्याकडे एक पांढरी गाडी होती. नवलने इंजिन थंड असतानाच चालू करून धूर पाहिला, ऑइल पाहिलं, चॅसी नंबर कागदांशी ताडला. सगळं बरोबर. आत मात्र गुलाबाच्या अत्तराचा वास असा, की डोकं धरावं. रतिलाल म्हणाला, गिऱ्हाइकासाठी आतून नवी करून ठेवली आहे.

अमावस्येची रात्र. निघायला नऊ वाजले. पारोळा मागे पडलं तसा गुलाब विरला आणि खालून दुसराच वास वर आला. कुजका. चिकट. दिपमालाने पदर नाकाला लावला.

"गाडीमा काही मरेल शे का?"

कुठे उंदीर मेला असेल म्हणून नवलने काचा उघडल्या. वास जाईना. तोंडात उतरला, थुंकी गिळवेना. मग दिपमालाला मांडीवर काहीतरी ठिबकल्यासारखं वाटलं. तिने हात लावला. पाणी नव्हतं. काळं, बुळबुळीत... छातीवरच्या पट्ट्यातून पाझरत होतं.

"आहो... गाडी उभी करा. पट्टा पोटले आवळस."

एरंडोलच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली. बटण दाबलं. सुटेना. पट्टा आत जात होता. हळूहळू. आतून कुणी ओढत असावं तसा.

दिपमाला दोन्ही हातांनी पट्टा पोटापासून दूर ओढत होती. नुसता श्वास...

अमावस्या म्हणून भिकुबाईंनी फोनवर तिला पिशवीत चाकू ठेवायला सांगितलं होतं. नवलने तो काढला. कापू लागला. पट्टा ओला. फुगलेला. हाताला मऊ लागत होता... कातडीसारखा.

तुटला.

उरलेलं टोक सरकन दाराशेजारच्या फटीत गेलं. आणि त्या फटीतून गाळ आला. गाळात केस. लांब. बाईचे. येतच राहिले...

नवल तिथेच ओकला. गाडी सोडून दोघं एका ट्रकमधून घरी आली.

रतिलालने गाडी परत नेली. पट्ट्यात गाळ म्हणजे गाडी पुरात बुडालेली; कुठल्या पुरात, आत कोण होतं, असं नवलने विचारलं. रतिलाल एवढंच म्हणाला, "चांगली धुयेल व्हती ना, भाऊ."

धुतली होती म्हणे. शी. त्या वासाची नाही, तेवढी मला या माणसाची किळस येते.

कार्तिकात दिपमाला बाळंत झाली. मुलगी. धडधाकट. भिकुबाई तिथेच होत्या. पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, नंतर कधी विषय काढू दिला नाही.

नर्सने बाळ पुसून त्यांच्या हातात दिलं. मुठी घट्ट मिटलेल्या. त्यांनी लाडाने एक मूठ उघडली...

इवलीशी नखं. प्रत्येक नखात काळा गाळ.

ओला.