मागचं वल्हं

उद्या कयाक घेऊन नदीत उतरायचंय ना तुम्हाला? उतरा की. मी कशाला नाही म्हणू? जॅकेटं घाला, बंधाऱ्याच्या आधी डावीकडं लागा, आणि एकमेकांच्या नजरेआड होऊ नका. झालं. आता झोपा.

झोप येत नाही? बरं. मग ते मोबाइल पालथे घाला आणि ऐका. मध्येच खिदळायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. मी तेव्हा खालच्या धक्क्यावर, बोटींच्या शाळेत रखवालदार होतो. आणि ज्याच्यावर ही वेळ आली, तो त्या रात्री पहाटेपर्यंत माझ्या खोलीत बसून होता.

लिफ्ट दुरुस्त करायचा तो. सगळे त्याला मेकॅनिकच म्हणत. त्याचा जिवलग दोस्त म्हणजे बगळा. उंच इतका, की बोटीत बसला तरी उभा वाटायचा. पहिलीपासून दोघं एका बाकावर बसलेले. दर रविवारी दोघांची एक कयाक निघायची, मेकॅनिक पुढं, बगळा मागं. दुसऱ्या कयाकमध्ये त्यांचा मित्र, औषधांच्या दुकानवाला केमिस्ट, आणि त्याची बायको. त्या नवरा-बायकोच्या बोटीत वल्ही दोन आणि दिशा तीन! भांडत भांडत यायचे, पण यायचे. वरच्या पाण्याच्या टाकीपासून निघायचं, रेल्वेपुलाखालून, इस्पितळाच्या मागून आमच्या धक्क्यावर उतरायचं. नदीतून शहराची पाठ दिसते. वाळत घातलेल्या चादरी, मागच्या जिन्यावर चोरून सिगरेट ओढणारे वॉर्डबॉय. बगळा त्यातल्या प्रत्येकाला हात करायचा.

एका रविवारी वरून पाणी सोडलेलं होतं. यांना पत्ता नाही. दोघांची बोट धक्का चुकून पुढं गेली आणि बंधाऱ्यावर उलटली. मेकॅनिकच्या एका हाताला भिंतीतली लोखंडी कडी लागली. दुसऱ्या हातात बगळ्याचा हात होता.

मेकॅनिक वाचला. बगळा तिसऱ्या दिवशी सापडला.

"हात सुटला," मेकॅनिकनं सगळ्यांना सांगितलं.

बगळ्याची आई शिवणकाम करायची. सगळे तिला काकू म्हणत. तिनं मेकॅनिकला पोटाशी धरलं. "शेवटपर्यंत धरून होतास रे माझ्या लेकराला," म्हणाली. पुढं वर्षभर येईल-जाईल त्याला हेच सांगत राहिली. दर रविवारी याला जेवायला बोलवायची, शेजारी बसून वाढायची. आणि याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

का उतरायचा नाही, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

वर्ष सरलं. काकू घर सोडून लेकीच्या गावी राहायला निघाल्या. बंधाऱ्याखाली वल्ह्यांसकट सापडलेली ती कयाक त्यांच्या जिन्याखाली पडून होती. ती आमच्या शाळेला द्यायचं ठरलं. मेकॅनिकनं टेम्पो सांगितला, तर काकू म्हणाल्या, "टेम्पोत नको रे घालूस. पाण्यानंच ने. मी धक्क्यावर थांबते. एकदा येताना बघू दे मला."

आता याला नाही म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं?

नोव्हेंबरची सतरा तारीख, शुक्रवार. निघायचं होतं चारला. पण एका इमारतीत लिफ्टमध्ये एक बाई अडकल्या, आणि मेकॅनिकला धावावं लागलं. बोट पाण्यात पडली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंधारून आलं होतं.

"उद्या सकाळी जाऊ," केमिस्ट म्हणाला.

"काकू दुपारपासून धक्क्यावर बसल्यात," त्याची बायको म्हणाली.

विषय संपला.

नवरा-बायको पुढं निघाले, केमिस्टच्या कपाळावर दिवा. मागं मेकॅनिक एकटा. मागच्या जागेवर त्यानं बगळ्याचं वल्हं आडवं ठेवलं आणि दोरीचे दोन वेढे देऊन पक्कं बांधलं. माणूस मशिनीतला. गाठ मारली म्हणजे मारली.

रेल्वेपुलापर्यंत काही नाही. वरून गाडी गेली. पुलाखाली दोघांचं भांडण घुमत होतं, त्याचा याला आधार वाटत होता. मग वळण आलं. पुढचा दिवा वळणाआड गेला.

तिथं त्याच्या लक्षात आलं, की बोट फार सरळ चाललीय.

दोघांची कयाक एकट्यानं पुढं बसून हाकली, की तिचं बूड भरकटतं. सारखी सावरावी लागते. आज सावरावी लागत नव्हती.

त्यानं कान दिला. त्याचं वल्हं पाण्यात पडत होतं. चुबुक. आणि लगेच मागं, अर्धा ठोका उशिरा… चुबुक.

बगळा नेहमी अर्धा ठोका मागं असायचा. त्यावरून पंधरा वर्षं त्याची चेष्टा चालली होती.

मेकॅनिकनं हात थांबवले.

चुबुक…

चुबुक…

मागं वळून बघायची छाती झाली नाही त्याची. मानेवर गार वारा. इस्पितळाच्या मागच्या जिन्यावर दोघं-तिघं उभे होते. त्यातल्या एकानं हात वर केला. नुसताच नव्हे. कुणी आपल्याला हात केला की आपण उलटा करतो ना, तसा.

"तू…?" मेकॅनिक म्हणाला.

वल्हं चालूच.

मग त्याचा बांध फुटला. "सुटला नव्हता रे. मी सोडला. मी हात सोडला तुझा."

मागचं वल्हं थांबलं.

"खांदा निखळत होता. वाटलं, दोघंही जाऊ… नाही. हेही खोटं. भ्यालो मी. तू माझ्याकडं बघत होतास आणि मी बोटं उघडली."

पाणी नाही, वारा नाही. कुणीतरी मागं बसून ऐकत असावं, एवढीच शांतता.

मग बंधाऱ्याचा आवाज यायला लागला.

डावीकडं माझी बॅटरी दिसत होती. धक्का जवळ आला. याला कळत होतं, आता वल्हवायला हवं. त्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. हात काढून घेतले.

"तू म्हणशील तसं," म्हणाला.

धक्का बाजूनं गेला. मी ओरडलो. केमिस्ट ओरडला. बोट धारेला लागली. आवाज वाढला. आणखी वाढला.

आणि उजव्या अंगाला, मागून… एक वल्हं पडलं. लांब. खोल.

मग दुसरं.

बोटीचं तोंड फिरलं. धार तोडून ती उलटी आली रे, उलटी. याचे दोन्ही हात मांडीवर. हे मी बॅटरीच्या उजेडात पाहिलंय. मागच्या जागी मात्र उजेड ठरतच नव्हता.

माझ्या शेजारी काकू उठून उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "दोघं आहेत."

बोट धक्क्याला लागली. मेकॅनिक कसाबसा वर आला आणि काकूंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. "काकू, त्याचा हात सुटला नव्हता. मी सोडला."

केमिस्टच्या बायकोनं तोंडावर हात धरला.

काकूंनी मारलं नाही, जवळ घेतलं नाही. फक्त बघत राहिल्या. तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही… पाहायचाही नाहीय. ‘शेवटपर्यंत धरून होता’ हा जो शब्द त्यांचा वर्षभराचा आधार होता, तोच यानं काढून घेतला होता. आणि ठेवला असता, तर ते पाप वेगळंच.

मग त्या त्याला वळसा घालून बोटीपाशी गेल्या. वाकल्या. मागचं वल्हं दोरीनं बांधलेलं होतं. वेढे तसेच. गाठ तशीच, कोरडी. शिवणकामाची बोटं ती, बघता बघता गाठ सोडवली. वल्हं उचललं आणि एकदम दचकल्या.

"हे गरम आहे…"

केमिस्टच्या बायकोनं हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. मग मी लावला. बाकीचा दांडा बर्फासारखा गार. फक्त दोन जागा, हातभर अंतरावर, जिथं धरतात तिथं… ऊबदार. आत्ताच कुणी सोडल्यासारख्या.

काकूंनी त्या दोन जागांवर आपले तळवे ठेवले. मिठी मारावी तसं वल्हं छातीशी धरलं आणि उभ्या राहिल्या. मेकॅनिक गुडघ्यांवरच होता. खाली बंधारा वाजत होता.

थंडी होती. हळूहळू त्या जागाही निवल्या असणार…

काकूंनी हात काही काढले नाहीत.