कापलेलं मुखपृष्ठ

नवी पेठेतल्या कचेरीत रुक्साना शेख आल्या, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या एका शाळेच्या ग्रंथपाल.

"मला कामावर येऊ नका म्हणालेत, मॅडम."

खासगी तपासनीस बुद्धप्रिया शिवशरण यांनी खुर्ची पुढे केली. मदतनीस नईमने पाणी दिलं.

रुक्सानांनी ग्रंथालयाच्या भिंतीवर पुस्तकांची मुखपृष्ठं मोठी छापून लावली होती. मग शाळेत निनावी फोन आला, 'कॉपीराइटचा भंग आहे, केस करू.' दुसऱ्या दिवशी एक मुखपृष्ठ कापलेलं सापडलं.

"मुख्याध्यापक म्हणतात, परवानगी नव्हती म्हणून मीच पुरावा नाहीसा केला."

"परवानगी होती?"

"होती की! फोनवर. ते पुस्तक आता कुठंच मिळत नाही, शाळेतही नाही. प्रकाशकांनीच चित्र पाठवलं, तेही काळं-पांढरं."

बुद्धप्रिया आणि नईम शाळेत गेले. बाकी मुखपृष्ठं शाबूत होती. एकावर नाव, प्रकाशक सगळं तसंच, चित्रातली मुलगी तेवढी कडेकडेनं कापलेली.

"घाबरून कापलं असणार," नईम कुजबुजला.

मुख्याध्यापक चनमल्लप्पा तडकले. "शाळा झाली म्हणून काहीही लावायचं? कोर्टात मी उभा राहणार!"

कलाशिक्षक सोमशेखर खाली बघत म्हणाले, "रुक्सानाबाई तसं करणार नाहीत. पण पिवळ्या फ्रॉकातली एवढीशी पोर, ती कशाला भिंतीवर टांगायची?"

बुद्धप्रियांनी प्रकाशकांना फोन लावून परवानगीची खात्री केली आणि सगळ्यांना ग्रंथालयात बोलावलं.

"कायद्याला भिणाऱ्यानं सगळीच मुखपृष्ठं काढली असती. निदान पुस्तकाचं नाव तरी ठेवलं नसतं. इथं फक्त मुलगी नेली, तीही सफाईनं. सोमशेखर सर, चित्र काळं-पांढरं होतं. फ्रॉक पिवळा हे तुम्हाला कसं कळलं?"



"मीच रंगवलंय ते. माझी लेक, महानंदा. पुस्तक छापून आलं, तोवर ती गेली होती."

"फोनही तुमचाच?"

"व्हय. हक्क प्रकाशकाला विकलेले. नको म्हणायचा अधिकारच उरला नव्हता. रोज दारातून आत आलं की ती समोर. सहन झालं नाही."

नईमनं मान फिरवली. चनमल्लप्पा पुटपुटले, "रुक्सानाबाई, उद्यापासून या."

रुक्साना सोमशेखरांकडे वळल्या. माझी नोकरी जात असताना हा माणूस गप्प राहिला, हा राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. तरी त्या सोमशेखरांच्या शेजारच्या बाकावर बसल्या.

"कशी होती ती, सर?"



"लई बोलायची," ते म्हणाले.