त्याची उजवी बाजू

"जरा सरकता का?" मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तर जवळजवळ ओरडलेच.

ऐरोलीत आमच्या ऑफिसच्या मागच्या गेटापाशी हौसेरावकाकांची चहाची टपरी होती. ऑक्टोबरचं ऊन, एकाच झाडाची सावली, आणि त्या सावलीत खांद्यावर केबलचं भेंडोळं घेऊन एक मुलगा ऐसपैस उभा. शेवटी मी त्याच्या भेंडोळ्यावर टिचकी मारली.

तो वळला. पण माझ्याकडे बघायला नाही... मान पार डावीकडे, माझ्यापलीकडे नेली, हनुवटी खाली, डोळे जमिनीवर. उजवा कान माझ्यासमोर आला.

"सॉरी हं, डाव्या कानाने ऐकू येत नाही मला. बोला."

ती मान मी आधी पाहिली होती.

आमची कंपनी नोकरीची पहिली परीक्षा घरबसल्या घ्यायची. लॅपटॉप प्रश्न मोठ्याने वाचायचा, हेडफोनला बंदी, आणि कॅमेरा उमेदवाराच्या नजरेवर पाळत ठेवायचा. नजर सारखी बाजूला गेली की मशीन लाल खूण करायचं – शेजारून कुणीतरी उत्तरं सांगतंय. मग ते रेकॉर्डिंग माझ्याकडे यायचं. माणसाने एकदा पाहायचं, असा नियम होता. दिवसाला साठ यायची. मी बारा-पंधरा सेकंद बघायचे आणि 'नामंजूर' दाबायचे. गेल्या आठवड्यात याच्यावरही दाबलं होतं. दर प्रश्नाला डावीकडे वळणारी मान... मला वाटलं होतं, किती निर्लज्जपणे कॉपी करतोय हा!

"सरकलो," तो म्हणाला. "पण आता तुम्हीच उन्हात उभ्या."

त्याचं नाव कुंदन. करंजाडेचा. शेजारच्या इमारतीत नेटवर्कच्या वायरी ओढायचं दोन महिन्यांचं काम होतं त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेले तेव्हा सावलीचा अर्धा तुकडा रिकामा होता. त्याच्या उजवीकडचा.

"नाव काय तुमचं?"

"संघप्रिया. सगळे प्रिया म्हणतात."

"मी पूर्णच म्हणणार. अर्धं नाव निसटतं माझ्या कानातून."

"हे सगळ्याच मुलींना सांगता का?"

"नाही ना! बाकीच्या डावीकडेच उभ्या राहतात."

काका गाळणीत बघत हसले. मी मात्र घरी जाईपर्यंत हसत होते, आणि घरी गेल्यावर ते दाबलेलं बटण आठवलं. उद्या सांगू, उद्या सांगू... असे तीन आठवडे गेले. तोवर आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. मी कळंबोलीला राहायचे, त्याच्या वाटेवरच. बाइकवर मागे बसून त्याच्या उजव्या खांद्यावरून बोलायची सवय लागली होती. हेल्मेटमधून त्याला निम्मंही ऐकू जात नसावं. तरी तो "हं" म्हणायचा... आणि सिग्नलला थांबला की विचारायचा, "त्या मघाच्या 'हं'मध्ये मी काय कबूल केलं?"

मग एका दुपारी तो चहा तसाच हातात धरून बसला.

"एक तारखेपासून मामाच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसणार आहे. कळंबोलीत. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या."

"आणि तुझा अभ्यास? रात्रंदिवस कोडिंग करत होतास ना?"

"तुमच्याच कंपनीची परीक्षा दिली होती. सगळं बरोबर आलं असं वाटलं होतं मला, संघप्रिया. मग मेल आला, निवड नाही. कारण देत नाहीत ते." तो कपाकडे बघत राहिला. "म्हणजे जे मला येतंय असं वाटतं, ते येतच नाही बहुतेक. मग कशाला उगाच..."

"फॉर्मवर कानाचं लिहिलं नव्हतंस?"

"लिहिलं की आधीच काट मारतात. दोन ठिकाणी अनुभव घेतलाय."

त्या दुपारी मी वर जाऊन त्याचा पेपर उघडला. आणि संध्याकाळी त्याच्यासमोर उभी राहिले. उजवीकडे नाही, समोर.

"चाळीसपैकी सदतीस बरोबर आहेत तुझे. तुला सगळं येतं. तुझी मान वळत होती म्हणून मशीनने लाल खूण केली, आणि... नामंजूर मी केलं. मी दाबलं ते बटण."

तो हळूच म्हणाला, "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. त्या टिचकीपासून."

त्याने हेल्मेट घातलं. बाइक गेली. मी बसने घरी आले.

आठ दिवस सावली पूर्ण रिकामी होती.

मशीनवर माझा राग नाही. प्रामाणिक चेहरा कसा असतो, हे त्याला कुणीतरी एकाच पद्धतीचं शिकवलं होतं. पण 'माणसाने एकदा पाहायचं' हा नियम माझ्यासाठी होता. पाहिलं नव्हतं ते मी.

मी आमच्या टीमप्रमुख शर्मिला मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"लाल खुणेची, गेल्या महिन्यातल्या एका आठवड्याची रेकॉर्डिंग परत बघायचीयत. पूर्ण."

"का गं? कुणी ओळखीतला आहे?"

"हो. एक आहे. त्याचं तुम्ही बघा, मी हात लावणार नाही. बाकीच्यांचं मी बघते. घरी बसून बघते."

मॅडमनी केबिनचं दार लोटलं. "हे वर कळलं तर तुझ्यावर येईल, प्रिया."

"येऊ दे."

मी बघितलं. एकीची नजर सारखी खाली जात होती... ओढणीखाली बाळ दूध पीत होतं. एकाच्या मागे कुणीतरी अंथरुणातून पाणी मागत होतं. खरी कॉपी करणारेही होतेच, बरेच. पण अकरा जणांना समोर बोलवा, असं मी लिहून दिलं. मॅडमनी खाली बारावं नाव घातलं आणि सही केली.

नवव्या दिवशी तो टपरीवर आला. उभा राहिला तो बंद कान माझ्याकडे करून. रस्त्याकडे बघत.

"मेल आला. समोरासमोर बोलावलंय. अजून 'येतो' म्हटलेलं नाही. चिडलोय मी."

मी मान हलवली. मग त्या बंद कानाशीच, अगदी हळू म्हणाले, कारण मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती – "नोकरीला ये, नको येऊस... पण माझ्याकडे ये. मला तू हवा आहेस, कुंदन."

तो हलला नाही. काका गॅसशी उगाच खुडबुड करत राहिले. मग त्याने कप खाली ठेवला, माझ्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. उजवा कान माझ्याकडे.

"काहीतरी म्हणालीस. परत सांग... नीट ऐकायचंय."

परत सांगितलं. या वेळी मोठ्याने.

मुलाखतीत तो पास झाला, आणि त्याच महिन्यात कंपनीने भरती थांबवली. दुसरीकडे नोकरी लागायला आणखी पाच महिने गेले. त्या फॉर्मवर मात्र त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं – मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोलावं.

आमची उन्नती आता अडीच वर्षांची आहे. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. मघाशी झोपेतून उठली, डोळे चोळत बाहेर गेली, लॅपटॉपवर काम करणाऱ्या कुंदनच्या डावीकडे पोचली... थांबली. खुर्चीला धरून पूर्ण वळसा घातला. उजवीकडे गेली.

आणि मग म्हणाली, "बाबा."