दोघांनाही मान्य असलेली गोष्ट

पहार सात फुटांवर ठोकली, तर ती मुरमात सहज आत गेली. कातळाला लागल्याचा आवाज आलाच नाही.

नृसिंहराव पाटणकर खड्ड्यात उभे राहून तिच्याकडे पाहत राहिले. दरबारच्या बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. पुलाचा तिसरा खांब बारा फुटांवर, कातळावर उभा करायचा होता. तो सातवर उभा केला होता. एका पावसाळ्यात खालचा मुरूम धुऊन गेला आणि कार्तिकात, कमानीचे दगड चढवताना, खांब बसला. केरबा गवंडी आणि पाट्या वाहणाऱ्या दोन बाया त्याखाली गेल्या.

"साहेब, उगं कशाला उतरला?" कंत्राटदार बाळासो चौगुले काठावरून ओरडले. "सात फूट हाय ह्ये आमाला मान्यच हाय की!"

"आम्हालाही," सोसायटीचे इंजिनियर मनोहर सबनीस म्हणाले. मुंबईचा गडी, बुटांना चिखल लागू नये म्हणून चार हात लांब उभा.

कुरुंदवाडजवळच्या ओढ्यावरचा हा पूल ऊसवाल्यांच्या सोसायटीचा. तो पुन्हा कुणी बांधायचा यावर सोसायटी आणि चौगुले अडून बसले. करारात कलम होतं, म्हणून नृसिंहरावांना लवाद नेमलं. भांडण तेवढंच. दोष कुणाचा, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं: केरबाचा. इंजिनियरनं ताकीद दिली, ती त्यानं ऐकली नाही आणि मालकालाही कळवली नाही. जे दोन्ही पक्षांना मान्य, त्याचा पुरावा लवाद मागत नाही. 'दोष केरबाचा' हे वाक्य नृसिंहरावांनी निवाड्यात लिहूनही ठेवलं होतं. आता ते त्यांना टोचायला लागलं. पाच फूट कमी खणलेला खड्डा या दोघा शहाण्यांना दिसला नाही?

खड्ड्यातून वर आल्यावर त्यांना बाभळीखाली एकटी उभी असलेली बाई दिसली. केरबाची बायको, अंबूबाई.

"बोल बाई."

"धनी म्हनत हुतं, कातळ लागला न्हाय, थांबा. पंप बिघडला हुता, खड्ड्यात पानी. ह्ये दोघं वरच हुभं हुतं. म्हनलं, भर." तिनं पदर तोंडाला लावला. "धोंडुबाईची सून गेली त्यात. ती मला हिरीवर पाय ठेवू देत न्हाय. नवरा खुनी हुता म्हनत्यात माझा. दोन म्हैनं वढ्याचं पानी पितोय आमी."

"कुणी ऐकलं हे?"

"त्यांनी मलाच सांगितलं. त्ये तर गेलं."

मेलेल्या माणसाचं बायकोनं सांगितलेलं बोलणं. ते कुठल्याच निवाड्यात टिकलं नसतं, आणि नृसिंहरावांना स्वतःचाच राग आला.

दोन दिवसांनी कोल्हापुरात, त्यांच्या घरच्या सोप्यात बैठक भरली. खरं तर ती आठवड्याआधीच व्हायची. पण तारीख अवसेची निघाली आणि चौगुल्यांनी हात जोडले होते. "अवसेला आमचं समदं बंद असतंय साहेब, मी भाईर पडत न्हाय." अंबूबाईला नृसिंहरावांनी मुद्दाम बोलावून दारापाशी बसवलं.

"सबनीस, तुमच्या डायरीतली नोंद वाचा."

सबनीसांनी घसा साफ केला. "एकवीस मे पंचावन्न. दुपारी साडेतीन. तिसऱ्या खांबाच्या पायात केरबा गवंडी थापी घेऊन दगड बसवत होता. बाया चुना वाहत होत्या. काम थांबवून कातळापर्यंत खणण्याची ताकीद दिली."

"कधी लिहिलीत?"

"त्याच संध्याकाळी. मी रोजचं रोज लिहितो."

"तारखेत चूक?"

"शक्यच नाही. शनिवार होता, मी सोसायटीच्या मोटारीनं गेलो होतो."

"केरबाला स्वतः पाहिलंत? काम करताना?"

"माझ्या डोळ्यांनी."

नृसिंहराव चौगुल्यांकडे वळले. "तुम्ही ही नोंद वाचलीय?"

"व्हय, वाचली की."

"खरी आहे?"

चौगुल्यांनी क्षणभर सबनीसांकडे पाहिलं. "हाय."

नृसिंहरावांनी पंचांगातलं वैशाखाचं पान उघडून दोघांपुढे सरकवलं. "एकवीस मे. वैशाखातली अवस. सबनीस मुंबईचे, त्यांना इंग्रजी तारीख तेवढी कळते. या मुलखातला गवंडी अवसेला थापीला शिवत नाही. अख्खं काम बंद असतं. खड्ड्यावर चिटपाखरू नव्हतं त्या दिवशी. हो ना, चौगुले?"

चौगुल्यांनी पंचांग न बघताच मिटलं.

"नोंद मागाहून रचलेली आहे, म्हणजे ताकीद दिलीच नव्हती. सबनीस चुकले ते माहीत नसल्यामुळे. पण तुम्हाला माहीत होतं. गेल्या आठवड्यातली बैठक तुम्ही अवसेपायी पुढे ढकललीत, आणि तुमच्या गवंड्याविरुद्धची, म्हणजे तुमच्याचविरुद्धची ही नोंद वाचून गप्प बसलात! ज्याच्यावर खोटा आळ येतो तो बोंब मारतो. तुम्ही खरी म्हणालात, कारण खोटं दोघांचं मिळून होतं. सात फुटांवर भरायचं दोघांनी ठरवलं. तीन माणसं मेली तेव्हा तुरुंग दिसला. पूल बांधायचा बोजा वाटून घेता येतो, तुरुंग वाटून घेता येत नाही. तो मेलेल्याच्या माथी मारला. आणि मी तपासू नये म्हणून तेवढीच गोष्ट दोघांनी मान्य केली."

"पाऊस तोंडावर हुता!" चौगुले ओरडले. "केरबा थांबा म्हनत हुता, ह्ये सायेब म्हनलं, भरून टाका!"

"दुसरा पंप आणायला तुम्ही नाही म्हणालात!" सबनीस ताडकन उठले.

आता कुठं त्यांचं खरं भांडण सुरू झालं. नृसिंहरावांनी डायरी उचलून कुलपात ठेवली आणि फौजदाराला चिठ्ठी धाडली.

अंबूबाई उठली नाही. "सायेब, कागद तुमच्यापाशी ऱ्हानार. आमच्या गावात कोन वाचनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नृसिंहराव गावी गेले. चावडीपुढे उभं राहून त्यांनी निवाड्यातलं नवं वाक्य मोठ्यानं वाचलं: केरबा गवंड्याचा दोष नाही, त्यानं थांबा म्हटलं होतं.

मग धोंडुबाई गर्दीतून पुढं आली. नुसता हाडांचा सापळा राहिला होता म्हातारीचा. अंबूबाईकडे तिला बघवेना.

"तिचं धाकटं पोर," ती नृसिंहरावांना म्हणाली, "त्या वढ्याच्या पान्यानं हगवन लागून गेलं, तुमच्या बैठकीच्या आदल्या दिशी. तुमाला बोलली न्हाय ती. तुमी एक आठवडा आदी का आला न्हाईसा?"